कम्प्युटर उशिरा का उठतो

चिनारा,

मी आईंबरोबर नारिन शहरात सोयरिकीच्या बैठकीला जातेय, संध्याकाळी येऊ. पातेल्यात मटणाचा शोर्पो आहे, गरम करून घे.

कम्प्युटर दुरुस्त करून आणलाय. चालू व्हायला दहा मिनिटं लावायचा, म्हणून मला वाटलं जुना झालाय. दुरुस्तीवाला हसला. "ताई, म्हातारा नाही झालेला. बटण दाबलं की अकरा प्रोग्राम एकदम जागे होतात, मग दारातच चेंगराचेंगरी." दहा त्याने बंद केले. अकराव्यापाशी मात्र थांबला आणि हळूच म्हणाला, "हा कुणी टाकला?" आपण लिहितो ते प्रत्येक अक्षर तो एका ईमेल पत्त्यावर पाठवतो. पत्ता दाखवला, तर तुझ्या दादाचा! रशियाला जायच्या आधी टाकून गेला असणार.

"काढू का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. बंद पडला तर दादाला तिकडे लगेच कळेल, आणि तो आधी आईंना फोन करेल.

तेव्हा बिश्केकच्या नर्सिंग कॉलेजचा तुझा अर्ज कम्प्युटरवर लिहू नकोस. हाताने लिही, मी बाजारात गेले की टपालात टाकते.

माझं व्हायचं ते होऊन गेलंय. शिवण शिकवायच्या नोकरीसाठी मी तीन पत्रं त्यावरच लिहिली होती. ती त्याने महिन्यापूर्वीच वाचली असतील. तरी रोज फोनवर विचारतो, "बुरुल, आज काय केलंस?"

मी म्हणते, "काही नाही."

तो म्हणतो, "बरं."

— वहिनी