पुढच्या मुलीच्या वेणीवर नजर

तीर्थस्वरूप वहिनीस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घे. वयाने तू माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान, पण माझ्या भावाशी लग्न करून मोठी झालीस, आणि ते लग्न मीच जमवलेलं असल्यामुळे मला तक्रार करायलाही जागा नाही.)

तुझं पत्र पोचलं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. अक्षर मात्र पूर्वीपेक्षाही वाईट आलंय, म्हणजे त्याचा डोळ्यांशी कधीच काही संबंध नव्हता. फोन का करत नाही असं विचारलंयस. तुमच्याकडे फोन आला की तुझा मुलगा तो टेबलावर ठेवतो आणि सगळं घर भोवती बसून ऐकतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलंय. दुसऱ्याचं बोलणं ऐकण्याचा मान ऑपरेटरचा, भाचेसुनेचा नाही. म्हणून हे पत्र.

आधी कामाचं. भाच्याने तुझ्या घराला गिऱ्हाईक पाहिलंय आणि किल्ली पाठवून दे म्हणतेस. पाठवते. विकायचं तर विका. मी कोण बोलणार, मी फक्त समोरच्या दारात राहते. किल्ली याच पाकिटात कागदात गुंडाळून घातली आहे. संपला विषय.

आता माझं ऐक. आपल्या इमारतीत, तळमजल्यावर, एक दातांचे डॉक्टर राहायला आलेत. निवृत्त आहेत, पण समोरच्याने तोंड उघडलं की अजून आत डोकावतात. त्यांनी एक मंडळ काढलंय, ‘निसर्गरम्य लघुसहल मंडळ’. दर रविवारी सकाळी शहराबाहेर चालायला जायचं आणि जेवायच्या आत परत. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि हातात स्वतः छापून घेतलेलं माहितीपत्रक. त्यात प्रत्येक वाटेपुढे ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘कठीण’ असं लिहिलंय, आणि कठीण म्हणजे जिथे बाक नाही ती. सगळ्यांच्या मागून एक निवृत्त रेल्वे गार्ड चालतात. त्यांना पुढे या म्हटलं तर येत नाहीत. गार्ड शेवटच्या डब्यातच बरा, म्हणतात.

मी का गेले ते विचारू नकोस. रविवार आता फार लांब झालाय, एवढंच. तू मुलाकडे गेल्यापासून मी एक-दोन रविवार कपाटं आवरली, मग कपाटंही संपली.

पहिल्या रविवारी डॉक्टरांनी आम्हाला ‘विस्तीर्ण जलाशय’ दाखवला. वहिनी, ते डबकं होतं. त्यात एक बदक होतं आणि तेही ओशाळल्यासारखं पोहत होतं. डॉक्टर हात पसरून सर्वांना दीर्घ श्वास घ्यायला सांगत होते. मी श्वास घेतला आणि (तो घेऊन झाल्यावर वाया का घालवायचा म्हणून) सांगून टाकलं की या शहराच्या आसपासच्या खऱ्या वाटा या मंडळाला ठाऊकच नाहीत, आणि मी व माझी वहिनी वर्षानुवर्षं दर रविवारी जिथे जात होतो ती टेकडी पाहिलीत तर हे माहितीपत्रक पुन्हा छापावं लागेल. डॉक्टरांना राग येत नाही, हा त्यांच्यातला मोठा दोष आहे. ते म्हणाले, वा, मग पुढच्या रविवारी तुम्हीच न्या. मी म्हटलं, नेते. त्यात काय आहे?

तर पुढच्या रविवारी मी नेलं. पायात चांगले बूट, पिशवीत उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा, आणि मागे सगळं मंडळ. कौलांच्या कारखान्यापर्यंत झकास गेलो. कालव्यावरचा पूल ओलांडला. आणि पूल संपल्यावर वहिनी, तिथे वाट फुटते. एक डावीकडे जाते, एक उजवीकडे. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

मी तिथे उभी राहिले. मागे मंडळ उभं राहिलं. मी डोळे मिटून आपला रविवार आठवला, आणि मला काय दिसलं असेल? तुझी पाठ. तो तपकिरी स्वेटर, कोपरावर दुसऱ्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेला. अंबाड्यातून बाहेर आलेली ती एक पिन, जी मी दर रविवारी आत खोचायचे आणि कारखान्यापर्यंत जाईतो पुन्हा बाहेर यायची. तुझ्या डाव्या बुटाची झिजलेली टाच. हे सगळं लख्ख. त्याच्या पलीकडे झाड नाही, दगड नाही, वळण नाही, काही नाही.

याला आपली शाळा जबाबदार आहे. प्रार्थनेला जाताना उंचीप्रमाणे रांग, बुटकी पुढे, उंच मागे, तोंड बंद आणि नजर पुढच्या मुलीच्या वेणीवर. तू पुढे, मी मागे. सिस्टरांनी लावलेली ती रांग आपण शाळा सुटल्यावर, तुझ्या लग्नानंतर, दादा गेल्यानंतरसुद्धा मोडली नाही. मोडला तो फक्त तोंड बंद ठेवायचा नियम, आणि तो मी एकटीने मोडला. तू वाटेकडे बघायचीस आणि मी बोलायचे.

पण मीही हार मानणारी नाही. मला वाट आठवत नसली तरी बोलणं आठवत होतं. एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरीणबाईंची गोष्ट मी नेहमी पुलावर सुरू करायचे आणि त्यांचा केसांचा टोप पंख्यात अडकला की आपण टेकडीच्या पायथ्याशी असायचो. तेव्हा मी ठरवलं, दोन्हींपैकी रुंद वाट धरायची आणि गोष्ट सांगत चालायचं. टोप अडकेल तिथे टेकडी असेल. गार्डसाहेबांना मागून बोलावून घेतलं (पहिल्यांदाच आले) आणि सुरुवात केली. इथे घात झाला. तू गोष्ट ऐकताना फक्त ‘हं’ म्हणतेस. ते प्रश्न विचारतात. सुपरवायझरीणबाईंचं लग्न झालं होतं का, टोप कुणी आणून दिला, पंखा छताचा की टेबलाचा. टोप अडकायच्या आत आम्ही दोन शेतं, एक भिंत आणि एक उघडं फाटक ओलांडून गेलो, आणि तो अडकला तेव्हा चहूकडे पांढऱ्या चादरी वाळत होत्या.

ते एका हॉस्पिटलच्या धुलाईघराचं मागचं अंगण होतं. डॉक्टर म्हणाले, हेही रम्य आहे. कुणीतरी अंडी सोलायला घेतली. तेवढ्यात एक धोबीण बाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिने आम्हाला नीट पाहिलं आणि मला विचारलं, “आजी, ही सगळी माणसं चुकून आली की वॉर्डातून सुटली?” मी तिला माझ्या सगळ्यात कडक आवाजात सांगितलं की आम्ही सहलीला आलो आहोत. ती म्हणाली, मग चादरीला हात पुसू नका.

परतताना त्याच पुलावर डॉक्टर माझ्याजवळ आले. शिट्टी त्यांनी खिशात ठेवली होती. हळूच म्हणाले, “बाई, तुम्ही त्या टेकडीवर खरंच जात होतात ना?”

वहिनी, मी म्हटलं, “मी जात नव्हते. मला वहिनी नेत होती.”

त्यावर गार्डसाहेब म्हणाले की त्यांचंही तसंच आहे. जन्मभर गाडीच्या शेवटी उभे राहिले, त्यामुळे स्टेशन मागे पडल्यावरच त्यांना ओळखू येतं. बरा माणूस आहे. प्रश्न कमी विचारेल तर आणखी बरा.

मंगळवारी मी एकटीच पुलापर्यंत जाऊन आले. डाव्या वाटेवर ऊन होतं, उजव्या वाटेवरही होतं. थोडा वेळ उभी राहिले, एकटीनेच चहा प्यायले आणि घरी आले. टेकडीवरचा तो सपाट दगड, त्यावर बसल्यावर खाली दिसणारं सगळं शहर (तिथे तेवढी मी समोर बघायचे, कारण तिथे तू शेजारी असायचीस), ते तिथेच कुठेतरी आहे आणि मला सापडत नाही, याचा मला किती संताप येतो ते लिहायला हा कागद पुरणार नाही.

तू लिहितेस की मुलाने तुला चालायचं मशीन घेऊन दिलंय आणि रोज सकाळी त्यावर भिंतीकडे तोंड करून चालतेस. छान. डॉक्टरांच्या पत्रकात ते ‘सोपी’मध्ये बसेल. पण मला एक कळव: तिथे तुझ्या मागून कोण बोलतं?

भाच्याला आणि भाचेसुनेला आशीर्वाद, नातवाला पापा. तब्येतीला जप आणि डोळ्यांत औषध वेळेवर घाल.

तुझी नणंद

ता. क. पुलानंतर डावीकडे की उजवीकडे, एवढं उलट टपाली कळव. रविवारी मंडळाला तोंड दाखवायचंय.

ता. क. २. कळवू नकोस. तू डावीकडे लिहिलंस तरी मी बोलत बोलत उजवीकडेच जाईन.

ता. क. ३. भाच्याने पाठवलेलं गिऱ्हाईक काल येऊन गेलं. मी घर नीट दाखवलं. भिंतीची ओल दाखवली. नव्हती तिथेही दाखवली. शेजार कसा आहे असं विचारत होते. मी म्हटलं, समोर एक बाई राहते, फार बोलते. ते पुन्हा येतील असं वाटत नाही.

ता. क. ४. पाकीट झटकून बघू नकोस, त्यात किल्ली नाही. तुझा तपकिरी स्वेटर उन्हात घालून दाराच्या मागे टांगलाय आणि किल्ली त्याच्या खिशात ठेवली आहे. स्वतः येऊन घे. रविवारी पहाटे मी जिन्यात उभी असेन, एक पायरी वर, म्हणजे रांग बरोबर लागेल.