कोळी नसण्याचे दिवस

मांद्रे, ४ नोव्हेंबर २०२४

ती. शेवंतीताईस,
गौरेशचा सा. न. वि. वि.

तुझ्या कुळागरात, त्या पोफळींच्या गर्दीत, मोबाइलची रेंज येत नाही, म्हणून पत्र. इथे गेस्टहाउस भरलंय, सुविधा दिवसभर चादरीच बदलतेय. एक काम होतं. तनयाला शाळेत आपल्या बागेतल्या त्या मोठ्या कोळ्यांवर प्रकल्प करायचाय. ते नेमके कुठे, कधी दिसतात, आणि कधी अजिबात नसतात, सगळं सविस्तर लिही. मी पडलो भित्रा, त्या दिवसांत बागेत कधी शिरलोच नाही! गुडघ्यांना तेल लावतेस ना?

तुझ्या मायेतलाच,
गौरेश

नार्वे, ११ नोव्हेंबर २०२४

चि. गौरेशास अ. उ. आ.

पोरीला कोळ्यांची आवड लागली हे वाचण्याच्या नादात चुलीवरची भाजी करपली बघ. तिला सांग, पावसाच्या सुरुवातीला ते नखाएवढे असतात, चतुर्थीला तळहाताएवढे होतात. आत्ता अगदी भरात आहेत. व्हाळाच्या पाण्याकडेला, दोन पोफळींच्या मध्ये, पायवाटेवर बरोबर तोंडासमोर जाळं. उन्हात पिवळंधमक दिसतं. मोठी दिसते ती मादी. नर तिच्याच जाळ्यात कोपऱ्यात बसलेला, एवढासा, तुझ्यासारखा. आपण होऊन ते कुणाला काही करत नाहीत. मी वाकून जाते, जाळं मोडत नाही. आईही मोडत नसे. पौषानंतर कमी होतात, चैत्रात औषधालाही सापडायचे नाहीत. तेव्हा तिला आत्ताच घेऊन ये.

तुम्हा तिघांवर जीव लावून बसलेली,
ताई

मांद्रे, २४ मार्च २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाडव्यानंतर एक मित्र आणि त्याची बायको यांना घेऊन येतो, तनयाही येईल. त्यांना कुळागर बघायचंय, बाकी काही नाही. सोलकढी कर. कोळ्यांचा विषय मात्र काढू नकोस, बाई जरा नाजूक आहेत.

घाईत,
गौरेश

नार्वे, ९ एप्रिल २०२५

चि. गौरेशास आशीर्वाद.

तुझे मित्र बागेत मजेत हात हलवत फिरले. कॉटेजी कुठे बांधायच्या तेही ठरवत होते. माझे गुडघे गेलेत, कान नाही. बाई तुला सांगत होत्या की दुसरी एक बाग जाळी बघूनच नाकारली, इथे मात्र किती स्वच्छ आहे. तू मान डोलावलीस. मी तनयाला प्रकल्पाचं विचारलं, तर पोर मलाच विचारते, कसला प्रकल्प म्हणून.

मला संताप आला, अजून उतरलेला नाही. म्हणून बाईंना कोळ्यांचं सगळं सांगितलं आणि चतुर्थीला यायचं आमंत्रणही दिलं. व्यवहार मोडला. जाताना तू म्हणालास, मी कोळ्यांसाठी भावाचं नुकसान केलं. नाही रे. बाग दोघांची, माझ्या सहीशिवाय विकता येत नाही, हे तुला ठाऊक होतं. समोर बसून मागितली असतीस तर रडत का होईना, मी सही दिली असती. तू लेकीच्या नावाने खोटं लिहिलंस, आणि मी वेडी, कौतुकाने उत्तर देत बसले.

आता दुसरं गिऱ्हाईक शोधशील. शोध. लोभ आहेच, तो काही माझ्या हातात नाही. सही आहे. ती देणार नाही.

शेवंतीताई