बोटीतली पुढची जागा

५ जानेवारी, रविवार

दातवाला पण येणार!

जेवणं झाल्यावर सासरेबुवांनी हात पुसता पुसता सांगून टाकलं. "यंदा तळ्यावर धाकटे जावईपण येतील म्हणतात." येतील म्हणतात! त्याला बास मासा ताटात वाढला तरी ओळखता यायचा नाही.

नऊ वर्षं आम्ही दोघंच जातो. इथे थंडीने बोटं वाकेनाशी झाली की विमानाने त्या उबदार मुलखातल्या तळ्यावर, चार दिवस. बोट दोघांची. मागे सासरेबुवा, मोटार त्यांच्या हातात. पुढे मी. पुढच्याने पहिला गळ टाकायचा, हा आमचा नियम. माझ्या बापाशी मी उभ्या जन्मात धड बोललो नाही. या माणसाबरोबर मी चार-चार दिवस गप्प बसलोय, आणि कंटाळा म्हणून आला नाही.

मी विचारलं, "बोटीत तिघं कसे मावणार?"

"बघू. एक जण बसेल तळ्याच्या काठावर."

बघू! कोण बसणार ते मला कळत नाही की काय? मी लिफ्टा दुरुस्त करतो, डोकं भाड्याने दिलेलं नाही.

दातवाला म्हणजे माझा साडू. मेहुणीचा नवरा. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. दातांचा डॉक्टर आहे आणि हसला की स्वतःच्या दवाखान्याची जाहिरात करतो. सासूबाई म्हणतात, "किती लाघवी आहेत नाही?" नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. याचे संपतच नाहीत.

६ जानेवारी

हिला सांगितलं. म्हणाली, "तुझ्या पोटात दुखतंय."

दुखतंय! मग?

११ जानेवारी, शनिवार

तिघं मिळून गळाच्या दुकानात. तिघं!

दुकानदार जाड भिंगांचा, बोलायला तिखट, पण आम्हाला ओळखतो. मला पाहिल्याबरोबर म्हणाला, "दरवर्षीचंच ना? कडक रॉड, जाड दोरी?" बरं वाटलं. साडूच्या देखत विचारलं म्हणून जास्तच बरं वाटलं. मग मी जरा मोठ्याने समजावून सांगितलं, नवख्या माणसाला कळावं म्हणून — तिकडचं पाणी कोमट, तळाशी गवताचं रान. उन्हं चढली की बास त्या गवताच्या सावलीत दडून बसतो. मासा दांडगा. लवचिक रॉड असेल तर मासा गवतात शिरतो आणि तुम्ही बसता दोरी धरून. म्हणून रॉड कडक, एका झटक्यात वर ओढणारा.

दातवाला मन लावून ऐकत होता. मान डोलवत होता. खोटं नव्हतं ते, हेच तर वाईट.

आणि सासरेबुवा? ते भिंतीपाशी उभे. हातात एक हलका, पोरासोरांनी तळ्याकाठी खेळावा असला रॉड. डाव्या हाताने हवेत फिरवून बघत होते. परत परत. म्हटलं, "बाबा, हा गवतात काय कामाचा?" तर म्हणाले, "असू दे. हा घेऊ." स्वतःच्या काखेत मारला आणि निघाले.

दातवाल्यासाठी! डॉक्टरसाहेबांच्या मनगटाला त्रास नको! पहिल्या वर्षी मला काय दिलं होतं? स्वतःचा जुना रॉड, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेला. तो मी अजून ठेवलाय म्हणा. पण नवा कोरा मला कधी मिळाला?

पन्नास वर्षं कपडे शिवलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे एकदा बघून माप सांगायचे. गेल्या उन्हाळ्यात दुकान बंद केलं आणि म्हणाले, "आता फक्त मासे." मी मूर्ख, मला वाटलं मासे म्हणजे मी आणि ते.

१२ जानेवारी

सासरेबुवांचा फोन आला. "धाकट्या जावयांची डबी तुम्ही भरून द्या. कुठली आमिषं घ्यायची ते तुमच्याइतकं मलासुद्धा कळत नाही."

मिनिटभर फुलून गेलो. मग ध्यानात आलं — आयत्या बिळावर नागोबा येतोय, आणि बीळ झाडून द्यायचं काम माझ्याकडे!

१४ जानेवारी, मंगळवार

केलं. करायचं नव्हतं, पण केलं.

कामावरून परस्पर दुकानात गेलो. दातवाला आधीच येऊन उभा. "दादा, तुम्ही म्हणाल ते." तिथे एका बाजूला रबरी गांडुळं होती. त्यांच्या पोटात गळाचं टोक लपवता येतं, गवतात अडकत नाही. शेजारी रबरी बेडूक. गवतावरून उड्या मारत येतो आणि बास खालून त्याच्यावर झडप घालतो. नऊ वर्षांत आम्ही शिकलो ते एवढंच. एवढंच त्याला द्यायचं होतं.

मी दुसऱ्या भिंतीकडे वळलो. चकचकीत पत्र्याचे मासे, प्रत्येकाच्या पोटाखाली तीन तोंडांचा उघडा गळ. इथल्या थंड, स्वच्छ पाण्यात सोन्यासारखे. तिकडच्या गवतात? प्रत्येक फेकीला पेंढीभर गवत.

"हे घ्या," म्हटलं. "उन्हात चमकतात."

दुकानदार भिंगांवरून माझ्याकडे बघत राहिला. "अहो, पण तिकडे तर गवत—"

"पिशवी द्या एक," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर दातवाल्याने माझी हत्यारांची पेटी उचलून गाडीपर्यंत आणून दिली. "दादा, तुम्ही वेळ काढलात." किती चांगलं वागावं माणसाने! त्याचाच जास्त राग आला.

१५ जानेवारी

त्याला गवत. मला मासे. दिवसभर शीळ घालत काम केलं.

१७ जानेवारी

शीळ बंद. सातव्या मजल्यावर एक आजीबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. बाहेर काढल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "देवमाणूस हो तुम्ही." मी म्हटलं, "आजी, जपून चाला." दुसरं काय म्हणणार?

हिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर आधी हसेल, मग हसायची थांबेल. ते थांबणं मला नको.

पण एक विचारतो, या पानालाच विचारतो — माझं चुकलं कुठे? माझ्याकडून काढून घेतायत ते. एका माणसाशेजारी गप्प बसायची जागा, एवढीच तर मागतोय. दातवाल्याकडे काय कमी आहे? त्याचा बाप त्याला रोज फोन करतो!

१९ जानेवारी, रविवार

सासरी गेलो. दार मेहुणीने उघडलं. आतल्या खोलीत कापड कापायच्या मोठ्या टेबलावर सगळं सामान मांडलेलं. आणि तिथे — लिहितानासुद्धा हात जड होतोय — सासरेबुवा खुर्चीत बसलेले, हात मांडीवर, आणि दातवाला त्यांच्या दोरीला गाठ मारतोय!

त्यांच्या दोरीला!

नऊ वर्षांत त्यांनी मला त्यांच्या दोरीला हात लावू दिला नाही. उलट माझ्याच गाठी ते मारून द्यायचे. "इकडे आणा, जावईबापू. दुसऱ्याने मारलेली गाठ ऐन वेळी दगा देते." म्हणजे बाकीच्यांच्या गाठी दुसऱ्याच्या, त्यांची तेवढी माझी. मला ते फार आवडायचं. कधी बोललो नाही. असं काय बोलणार माणूस?

आता हा बोटांच्या चिमटीत दोरी धरून, दाढेतला किडा काढावा तसा, एकेक वेढा घालत होता. सासरेबुवा म्हणाले, "झकास." झकास! मला फक्त "हं" मिळायचं.

एवढ्यावर थांबलं नाही. कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा कडक रॉड उभा होता, मुठीचं लाकूड घासून काळं झालेला. दातवाला म्हणाला, "बाबांनी हा मला वापरायला दिलाय." मला दिसेनासंच झालं. तोंडदेखलं म्हटलं, "वा." नाकाला मिरच्या झोंबलेल्या माणसाचं 'वा' कसं असतं ते मेहुणीला बरोबर ऐकू आलं.

मग त्याने डबी उघडली. सासरेबुवांनी पत्र्याचा एक मासा घ्यायला हात पुढे केला, परत मागे घेतला. नुसतं बघितलं.

"ही तर इथल्या पाण्याची आमिषं."

"दादांनी निवडलीत!" दातवाला म्हणाला. अभिमानाने!

सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात एखाद्या कारागिराने चांगलं कापड उलटं कापलं की असंच बघायचे. ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "काही विचार केला असेल त्यांनी," एवढं म्हणाले आणि डबीचं झाकण लावायला दातवाल्याला सांगितलं.

मी चहा न घेता निघालो.

२० जानेवारी

हिला सगळं सांगितलं. हसली नाही. म्हणाली, "बाबांच्या हाताचं तुला माहीत आहे ना?"

कसलं हाताचं? तर म्हणे, "काही नाही. तेच सांगतील." मूग गिळून बसली. बाप-लेकीचं काय शिजतंय?

जायचंच रद्द करावं म्हणतोय. बसू दे त्याला पुढे. मी म्हणे काठावर बसू!

२२ जानेवारी, बुधवार

सासरेबुवा कामावर आले. कधी येत नाहीत. गच्चीवरच्या लिफ्टच्या मोटारीच्या खोलीपर्यंत जिना चढून आले. मी ग्रीसने माखलेला. ते दारातच उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. पानासारखा. थांबतच नव्हता.

"वर्ष होईल," म्हणाले. "सुईत दोरा जाईना, तेव्हा दुकान बंद केलं. तो हलका रॉड माझा आहे. काठावर मी बसणार, डाव्या हाताने फेकणार. मागची जागा, मोटार, आता तुमची. पुढे त्यांना बसवा. आणि ती डबी तेवढी बदलून द्या."

मान खाली घातली. मग जे आतून आलं तेच बोललो — "बाबा, पण गाठी त्याच्याकडून? मला का नाही सांगितलंत?"

"त्यांच्यासमोर कसली लाज? त्यांनी मला हात धड असताना कधी पाहिलंय?" म्हणाले. "तुम्ही पाहिलंय."