कडब्यातले बूट

आवं शिवांजलीचं पप्पा,

पोरीला घेऊन सांगलीला निघालेय, व्हॉलीबॉलच्या क्लबात नाव घालायला. फोन करू नका, उचलणार न्हाई.

दर रविवारी सांगली, मॅचसाठी परगावी मुक्काम, त्यात दहावीचं वर्ष. तुमचं म्हणणं मलाबी पटलं हुतं. आज मीच तिला ‘न्हाई’ म्हणून सांगणार हुते.

पण बूट हरवले म्हणून पोरगी रडत हुती, तवा तुमीबी तिच्यासंगं घरभर शोधत हुता. सकाळी वैरण काढताना ते कडब्याच्या गंजीत खोल खोचलेले सापडले. तिला सांगितलंय, परड्यात कुत्र्यानं नेले हुते.

संध्याकाळची वैरण तुमी घाला. त्या गंजीत रोज कुणाचा हात जातो, एवढंबी तुमाला आजवर ठावं न्हाई.