उठायची जागा

प्रिय जयसिंग,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिलाय. शाळेत मथुराबाईंनी पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती, वाण्याकडून साखर मागवायची असली तरी ‘प्रिय’. तेव्हा त्याचा फार अर्थ काढू नकोस. फोन न करता कागद लिहितोय, कारण फोनवर मी शिव्या दिल्या असत्या आणि तू ‘भावा, शांत हो’ म्हणत राहिला असतास. कागदाला तसं म्हणता येत नाही. आमच्या खोलीतला लोणीकंदचा एक जण सुट्टीवर निघालाय, त्याच्या हातात देतोय. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने लिहिलंय, चुका असतीलच. त्या तू काढशील, तुझा जुना धंदाच आहे तो.

तू मला एक आठवडा दिला होतास. आपल्या खेळात मुडद्यांची फौज कुठून उठणार ते मी ठरवायचं. दलदल, पडका किल्ला, नाहीतर खाण. उत्तर याच पत्रात आहे, पण एकदम शेवटी. आधी मला कशाची किळस आली ते तुला वाचावं लागेल. आपली दोस्ती राहते की जाते हेही त्या उत्तरावर आहे, म्हणून वाचताना मधेच मोबाइल बघू नकोस.

किळस हा शब्दही मी जपून लिहितोय. घरी सांगितलंय की ओमानला टँकर चालवतो. सगळ्यांना वाटतं पाण्याचा. पाण्याचा नाही रे. इथं मजुरांच्या वस्त्या आहेत, त्यांच्या संडासाच्या टाक्या मी उपसतो. पाइप खाली सोडायचा, मोटर लावायची, टँकर भरला की लांब नेऊन रिकामा करायचा. सुरुवातीला घास खाली जात नव्हता. आता टँकरच्या सावलीत बसून डबा खातो आणि वर ढेकर देतो. अम्मीला हे सांगू नकोस, तिला मी पाणी वाटतो असं वाटतं आणि त्यात तिला पुण्य दिसतं. सांगायचं एवढंच की घाणीने माझं पोट ढवळायचं बंद झालंय. तुझ्या गोष्टीने ढवळलं.

हा खेळ तूच कॉलेजातून आणलास. तुझ्या हातात इंग्रजी पुस्तक, ते मला वाचता येत नाही म्हणून तू मराठीत सांगायचास, आणि मी नि तुझी आत्येबहीण शालू त्या गोष्टीतली माणसं व्हायचो. ती जडीबुटीवाली, मी घणवाला. काय करणार ते आम्ही बोलायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि झालं की फसलं ते तू सांगायचं. मला वाटलं होतं हे शिकलेल्यांचं काम. पण त्यात गणित कमी आणि थापा जास्त, म्हणून जमलं. तुला माहितीय मी कुठंच टिकत नाही. सुरतेचा कारखाना सोडला, हैदराबादचं गोडाऊन सोडलं, इथूनही कधी एकदा पळतो असं रोज वाटतं. टिकला तो फक्त हा शुक्रवारचा खेळ. इथं तो सुट्टीचा दिवस, बाकीचे झोपतात, कपडे धुतात, आणि मी वरच्या खाटेवर फोनची वायर कानात घालून राक्षसांच्या टाळक्यात घण घालत असतो. केरळचा एक जण दर वेळी विचारतो, बायकोशी एवढं भांडतोस का.

आणि तुझे नियम किती कडक. एकदा माझ्या घणवाल्याने काडी ओढून मशाल पेटवली, तर तू खेळ थांबवलास. म्हणालास, “या राज्यात काड्यापेटी नाही. चकमक झाड.” मी म्हटलं अरे जाऊ दे ना, अंधार आहे. तू म्हणालास, “नाही म्हणजे नाही. जे त्या काळात नाही ते इथं येणार नाही.” शालूने तेव्हा तुला मास्तर म्हणून नाव ठेवलं. ही काड्यापेटी लक्षात ठेव.

आता गेल्या शुक्रवारचं. माझा फासा वीसवर पडला आणि मुडदे उठवायचा मंत्र माझ्या हाती लागला, म्हणून जागा मी निवडायची असं तू सांगितलंस. शालूने मधेच तिची शंका काढली, “पण आपल्यात तर जाळतात. मुडदे आणणार कुठून?” तू म्हणालास, “म्हणून तर जागा नीट निवडायची.” दोघं हसलात. मग एकदम गप्प झालात, मी लाइनवर आहे हे आठवलं असावं. मीच म्हटलं, हो बाबा, भरती आमच्यातूनच होणार, तुमच्यातले सगळे नदीने पुढे गेले. मग तिघंही हसलो. ते मला लागलं नाही, खरं सांगतो. आपल्यात असलं चालायचंच.

मग तू जागा रंगवायला लागलास. दलदल दोन वाक्यांत उरकलीस, किल्लाही तसाच. खाणीवर आलास आणि तुझा आवाज बदलला. हिरवं साचलेलं पाणी, कापलेले उभे कडे, काठावर पांढरा भुगा, वरून ओतलेला मातीचा ढीग. त्या ढिगातून पहिला मुडदा उठतो. मांस गळून गेलंय, कवटीत माती भरलीय, तो लंगडत चालतो, कारण त्याच्या मांडीच्या हाडावर लोखंडाची पट्टी आहे, आणि तिचा वरचा एक स्क्रू तिरका बसलाय. तुझ्या तोंडात काहीतरी कुरकुरीत होतं, ते चावल्याचा आवाज मला कानात येत होता. शालू म्हणाली, “ईऽ, भारी.” मीही म्हणालो, भारी. त्या माझ्या ‘भारी’ची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी टाकीत पाइप सोडून उभा होतो. मोटर चालू. तुझी ती काड्यापेटी आठवली आणि हसू आलं. म्हटलं, मास्तर सापडला. ज्या राज्यात काडी नाही तिथं मांडीत पट्टी कोणी बसवली, स्क्रू कोणी पिळले. पुढच्या शुक्रवारी तुझी कशी जिरवायची ते मनात जुळवत होतो. आणि मग हसू जागच्या जागी आंबलं. तिरका स्क्रू, जयसिंग. एवढी वर्षं घाणीशेजारी उभा राहून मला उलटी झाली नव्हती. त्या दिवशी झाली.

अब्बा खाणीत डंपरवरून पडले तेव्हा आपण चौथीत होतो. सरकारी दवाखान्यातून पट्टी घालून आले, आणि नंतर काढायची ती कधी काढलीच नाही. वरचा स्क्रू कातडीखाली टोचायचा. आपल्या दोघांना बाजेवर बसवून, लुंगी जरा वर करून म्हणायचे, “जयसिंग, हात लाव. घाबरू नको. हा तिरका बसलाय, डॉक्टरला जेवायची घाई होती.” तू बोट लावायचास आणि हात झटकायचास, परत लावायचास. मग अब्बा स्वतःचंच नाव घेऊन म्हणायचे, “हा हमीदचा बोल्ट. मी हरवलो तर यावरून ओळखा.” अम्मी चिडायची, असलं बोलू नका म्हणून. हरवणार कुठं हा माणूस, खाणीवरून घरी आणि घरून खाणीवर.

ते गेले तेव्हा गुसल द्यायला, शेवटची आंघोळ घालायला, दादामियाँ होते. अम्मीने पडद्याआडून विचारलं, लोखंड अंगात ठेवून मातीत गेलं तर चालतं का. दादामियाँ म्हणाले, “आता ते त्यांच्या अंगाचंच आहे, राहू द्या.” आणि तू आला होतास. डोक्याला रुमाल बांधून, चपला बाहेर काढून. रांगेत माझ्यामागे उभा राहून तूही तीन मुठी माती दिलीस. तुझी तिसरी मूठ जरा मोठी होती, त्यात खडा होता, तो तू बाजूला काढलास. मला आठवतं. असल्या गोष्टी मी विसरत नाही, पाढे विसरतो.

उलटी झाली त्या दिवशी अम्मीला फोन लावला. सरळ विचारलं नाही. कब्रस्तानात गेली होतीस का, एवढंच म्हटलं. ती आधी माझ्या जेवणाचं विचारत राहिली. मग हळूच म्हणाली, “जाते रे. पण आता जागा कळत नाही.” तेव्हा बाहेर आलं. तुझ्या वडिलांच्या, तात्यांच्या बिल्डिंगला रस्ता हवा होता म्हणून कब्रस्तानची पश्चिमेची भिंत आत सरकली. कडुलिंब गेला, त्याखालची अब्बांची रांग गेली, सगळी माती डंपरने खाणीत गेली. आमच्यातली माणसं विचारायला गेली तर तात्या म्हणाले, “आम्ही कडंची नुसती माती उचलली हाय. शेजारी तर झोपल्यात, त्यांना काय तरास हाय?” लोक परत आले. बोलणार कोण, निम्म्यांची पोरं तात्यांच्याच साइटवर कामाला. अम्मीने मला सांगितलं नाही, कारण मी नोकरी टाकून आलो असतो. बरोबरच आहे, आलो असतो. तुमच्या बिल्डिंगचं ते गुळगुळीत माहितीपत्रक तूच मला हौसेने पाठवलं होतंस. त्यात लिहिलंय, ‘शांत शेजार लाभलेली वसाहत’. आहेच की शांत. शेजार उचलून खाणीत टाकल्यावर कोण आवाज करणार.

अम्मी दर जुम्मेरातला, गुरुवारी, जाते आणि तुमच्या डांबरी रस्त्याच्या कडेला, अंदाजाने, गुलाबाच्या पाकळ्या ठेवून येते. वॉचमन झाडून टाकतो. तो नवा आहे, त्याला वाटतं कुणीतरी करणी करतंय. हे सांगून ती म्हणाली, “सिराज, कयामतला सगळे आपापल्या जागेवरून उठतील. हे उठतील कुठून?”

तुझाच प्रश्न. शब्दही जवळजवळ तेच. फरक एवढा की तू विचारलास तेव्हा तुझ्या तोंडात कुरकुरीत होतं.

तात्यांचे डंपर तू बघतोस. म्हणजे त्या दिवशी खाणीच्या काठावर तू होतास, माती ओतताना खाली बघितलंस, आणि ती पट्टी ओळखलीस. दुसरं कुणी ओळखूच शकलं नसतं, एवढ्या जवळून बोट लावलेले जगात आपण दोघंच. मग तू काय केलंस? डंपर रिकामा होऊ दिलास. घरी जाऊन जेवलास. आणि मग कधीतरी माझ्या बापाला उचलून गोष्टीत घातलंस. गेले चार दिवस मी एकच गोष्ट घोळवतोय. एक मन म्हणतं, तुला मला सांगायचं होतं, तोंड उघडेना, म्हणून तू खेळातून सांगितलंस आणि निवड माझ्यावर टाकलीस. दुसरं मन म्हणतं, तुला एक मस्त मुडदा हवा होता आणि तो फुकट मिळाला. पहिलं खरं असलं तर तू भित्रा आहेस, दुसरं खरं असलं तर तू काय आहेस त्याला मला शब्द सापडत नाही. मला दोन्हीची ओकारी येते, पण पहिल्यानंतर माणूस तोंड धुऊन परत बसू शकतो. काड्यापेटीला खेळ थांबवणारा तू, स्क्रूला कसा चुकलास? चुकला नसशील, असं धरून मी हा कागद लिहितोय. हेच काय ते माझं मोठं मन, याहून मोठं माझ्याकडे नाही.

आता उत्तर. फौज खाणीतून उठणार नाही. माझ्या घणवाल्याने जागा निवडली आहे: कब्रस्तान, पश्चिमेची रांग, जिथं कडुलिंब होता तिथं. पण तिथून उठायला माणूस तिथं असायला लागतो, म्हणून खेळाच्या आधी तुझं काम आहे. मी इथून सुटायला चार महिने आहेत, पासपोर्ट मालकाकडे. तोवर पाऊस येईल आणि खाण भरेल. पोकलेन तुमच्याच दारात उभा आहे, पण तो लावू नकोस, हाताने कर. सोबत दादामियाँना घे, ते चिडतील, चिडू दे. सापडेल तेवढं पांढऱ्या कापडात घे, एकट्या अब्बांचं नाही, त्या ढिगात जे जे कोणी असेल त्यांचं. तात्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ, आयुष्यात एकदा सांगून बघ. भिंत मागे घेतली तर उत्तम, नाही घेतली तर भिंतीला लागून जागा मागून घे, पण खूण अशी कर की अम्मीला पाकळ्या अंदाजाने ठेवाव्या लागणार नाहीत. आणि मग रुमाल बांध, चपला बाहेर काढ, आणि परत तीन मुठी दे. खडा आला तर काढ. हे झालं की मला फोटो नको, व्हिडिओ नको. शुक्रवारी खेळाला फोन लाव आणि पहिलं वाक्य एवढंच बोल, की जागा झाली. मी फासा टाकेन. फोन आला नाही तरी मला कळेल, आणि मग या खाली लिहिलेल्या शब्दावर तू तुझ्याच हाताने काट मार.

तुझाच (तूर्त),
सिराज