सतीशचे नाव पुन्हा लिहिताना

मी, श्रीमती मुक्ताबाई जालिंदर बनसोडे, वय ७२, निवृत्त परिचारिका, रा. जुळे सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, ते बरेच झाले.

१. गेल्या वर्षीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यातून माझा एकुलता एक मुलगा सतीश याचे नाव मी वगळले होते.

२. त्याचे कारण असे. सतीश चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. तिथे चहाच्या सुट्टीत सगळे एकाच शेअरचा भाव बघत बसायचे. भाव रोज चढत होता. सोबतच्या बाळासोने नवी गाडी बुक केली आणि आमच्या सतीशची झोप उडाली. "आई, आज न्हाय घेतला तर उद्या हाताला लागायचा न्हाय," म्हणाला. कंपनी काय बनवते, हे विचारले तर पुन्हा भावच सांगू लागला.

स्वतःची शिल्लक घालूनही त्याचे समाधान झाले नाही. आमच्या इमारतीत बायकांची भिशी आहे. जिची चिठ्ठी निघेल तिने त्या महिन्याची रक्कम उचलायची. चिठ्ठी निघाली शेजारच्या जगदेवीची. शिलाईच्या दुकानासाठी गाळा घ्यायचा म्हणून ती वर्षभर वाट पाहत होती. सतीशने महिन्याच्या बोलीवर ती रक्कम तिच्याकडून मागून घेतली आणि त्याच दुपारी शेअर घेतले. आठवड्यात भाव उलटला. घेताना झुंबड होती, विकायला गेला तेव्हा घेणारा कोणी नव्हता. जगदेवीचा गाळा दुसऱ्याने घेतला.

सतीश नातेपुत्याला मेहुण्याच्या दुकानात कामाला गेला. सून धम्मप्रिया व नात बुद्धप्रिया माझ्यापाशी राहिल्या. तो दर रविवारी येतो, पण खाली रस्त्यावरच थांबतो. जगदेवीच्या दारावरून वर यायला त्याचे पाय उचलत नाहीत.

३. भिशीतल्या बायकांचे उपकार मी कागदावर नोंदवू इच्छिते. कोणी आवाज चढवला नाही. पुढची उचल त्यांनी चिठ्ठी न काढता जगदेवीला दिली आणि आपापली पाळी मागे ढकलली. सतीशने हप्त्याहप्त्याने सगळे फेडले, तेही त्यांनी धीर धरला म्हणूनच. माझ्या माघारी मोठी पातेली आणि खुर्च्या त्यांच्या. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून जगदेवीला माझे शिलाई मशीन परवाच देऊन टाकले.

४. बँकेतील ठेव बुद्धप्रियाच्या शिक्षणासाठी. मुदतीआधी मोडू नये. मैत्रिणींनी नवा मोबाइल घेतला, हे कारण चालणार नाही.

५. बाळासोने माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जरूर यावे, पोटभर जेवावे. कोणाला कसलाही भाव मात्र सांगू नये.

६. माझी सदनिका सतीश व धम्मप्रिया या दोघांना समान हक्काने देते. ती विकण्याचे किंवा गहाण टाकण्याचे मनात आले, तर मध्ये एक भिशी होऊ द्यावी आणि मगच ठरवावे. तेवढ्यात भाव निघून गेला तर जाऊ द्यावा.

हे कलम लिहिण्याआधी मी जगदेवीला विचारले. ती म्हणाली, "लिव की मावशी. खाली हुबा असतोय, मला खिडकीतनं दिसतंय. लई वाईट वाटतंय. सहीच्या दिवशी त्यालाबी बलाव." पोरी, तुझे ऋण माझ्याच्याने फिटणार नाही.

सहीच्या वेळी वारसदार खोलीत नको, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून सतीश आत्ता जगदेवीच्या घरी बसला आहे. त्याला जेवायला वाढून ती सहीसाठी इकडे आली आहे.

स्थळ : सोलापूर
रविवार, दि. १४ डिसेंबर २०२५

लिहून देणार : मुक्ताबाई जालिंदर बनसोडे (सही)

आमच्यासमोर सही केली, म्हणून साक्षीदार :
१. रामहरी कुंडलिक शिंदे, सचिव, गृहनिर्माण संस्था (सही)
२. जगदेवी मडिवाळप्पा बिराजदार, शेजारीण (सही)