दुसऱ्या बाजूची मावशी

ती. धाकट्या मावशीस,

भाचीचा नमस्कार. दुरून असला तरी वाकूनच केला आहे. औषधांच्या ट्रकवाल्याने तुझं पत्र हातात दिलं. गुडघे कसे आहेत? (तळघरात रोज चढउतार करतेस, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम एकदाचा होतोय.) इकडे आम्ही सगळे तटस्थ, आणि आईचं ब्लडप्रेशर सोडलं तर बरे आहोत. तू तिकडे तोफांच्या तोंडी एकटी, म्हणून ती मला धारेवर धरते. जणू लढाई मीच लावून दिली.

पेपरातलं युद्धाचं पान हल्ली माझ्याकडे आहे. आमचे संपादक तटस्थपणा फूटपट्टीने मोजतात. दोन्ही सैन्यांच्या बातम्या सारख्या लांबीच्या, मथळे सारख्या जाडीचे. कुणी पळालं तर 'हालचाल' लिहायचं, कुणी गाव जाळलं तरी 'हालचाल'च. गेल्या सोमवारी पंचाईत झाली. एका सैन्याने अर्धा कॉलम विजय कळवला आणि दुसरं पळत होतं. पळताना पत्रक कोण लिहिणार? संपादक म्हणाले, जागा भरा. मी पळणाऱ्यांच्या सेनापतीने पाळलेल्या कोंबड्यांवरचा जुना मजकूर टाकून दिला. दुसऱ्या दिवशी जिंकणाऱ्यांचा राजदूत दारात हजर: आमच्या सेनापतींकडेही मांजर आहे, ते का नाही छापलं? आता निम्मं पान कोंबड्या-मांजरांचं असतं आणि वाचक बेहद्द खूश आहेत. (एका निवृत्त मास्तरांनी कोंबडीच्या सर्दीवर काढा कळवलाय.)

मला राहवेना. खरी बातमी तर माझ्या पर्समध्ये होती. तुझं पत्र मी संपादकांपुढे ठेवलं. बेकरीचं उडालेलं छप्पर, पाण्याची रांग, त्या रांगेतून परत न आलेली तुझी शेजारीण, सगळं त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला. माणूस वाईट नाही गं. मग म्हणाले, "आणि दुसऱ्या बाजूची मावशी कुठाय?"

तेवढ्याच ओळी लिहिणारी मावशी तिकडून मिळेपर्यंत तुझं पत्र त्यांच्या खणात. मी पुष्कळ भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

बाकी ठीक. लोभ वाढवू नकोस म्हटलं तरी तू वाढवणारच.

तुझी,
मोठी भाची

ता. क. लढाईआधीच्या तुझ्या मैत्रिणींत पलीकडची एखादी लिहिती बाई आहे का? एकेचाळीस ओळी हव्यात. कमी नकोत, जास्तही नकोत.

ता. क. दुसरा: मैत्रीण राहू दे. खरं काम वेगळंच आहे. गुरुवारी परतणाऱ्या ट्रकमध्ये तुझ्यासाठी जागा सांगून ठेवली आहे. भांडीकुंडी तशीच टाक आणि नीघ. मला फार भीती वाटते. आई रोज पेपरात आधी तुझं गाव शोधते, त्यापुढचं 'किरकोळ नुकसान' वाचते आणि मगच जेवायला बसते. ते दोन शब्द कुठल्याच सैन्याच्या पत्रकात नसतात. ते मी घालते.